रेटिंग आहे, पण ढगात जायची मुभा नाही

मागच्या अंकात नाइट फ्लाइंगवर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी ढगांवर. बंद पडलेलं इन्स्ट्रुमेंट रेटिंग परत चालू कसं करायचं, हा एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आलाय म्हणून यावेळचं सदर त्यालाच दिलं. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी: बाहेर बघून उडवतात ते व्हीएफआर, आणि ढगात-धुक्यात बाहेरचं काहीच दिसत नसताना समोरच्या काट्यांवर आणि स्क्रीनवर भरवसा ठेवून, एटीसीच्या म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीने उडवतात ते आयएफआर. त्यासाठी लायसनवर वेगळं इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं. आणि काट्यांच्या भरवशावर धावपट्टीकडे ठरलेल्या वाटेने उतरत येणं म्हणजे अप्रोच.

प्रश्न: मी रावेर तालुक्यातला. डॅलसला नोकरी करता करता तिथेच प्रायव्हेट पायलट लायसन काढलं, नंतर इन्स्ट्रुमेंट रेटिंगपण केलं. मग वडिलांचं ऑपरेशन, घरची केळी, भावाचं लग्न असं करत करत दीड वर्षाच्या वर इकडेच आहे. आता परत चाललोय. एक मित्र म्हणतो सहा अप्रोच मार, लॉगबुक भर, झालं काम. दुसरा म्हणतो सगळी परीक्षा परत द्यावी लागेल. लॅपटॉपवर सिम्युलेटर आहे, त्यावरचे अप्रोच धरतात का?

उत्तर: भाऊ, दोन्ही मित्र चुकलेत. पहिला जरा जास्त चुकलाय.

तुमचं रेटिंग कुठेही गेलेलं नाही. एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग एकदा मिळालं की त्याला मुदत नसते, संपते ती करन्सी, म्हणजे ते रेटिंग वापरायची मुभा. नियम आहे ६१.५७. मागच्या सहा कॅलेंडर महिन्यांत सहा इन्स्ट्रुमेंट अप्रोच, होल्डिंग (एका जागी लंबगोलात घिरट्या घालत थांबणं), आणि नेव्हिगेशनचा कोर्स म्हणजे ठरलेली दिशारेषा पकडून त्यावर टिकून राहणं, एवढं केलेलं असलं पाहिजे. तिकडे शिकवताना याला सिक्स-सिक्स-हिट म्हणतात, तुम्हाला आठवत असेल. यातली गोम आहे कॅलेंडर महिन्यांत. समजा तुम्ही सहाचे सहा अप्रोच १० मार्चला केले, तर तुम्ही १० सप्टेंबरपर्यंत नाही तर ३० सप्टेंबरपर्यंत करंट राहता. १ ऑक्टोबरला मुभा संपली. त्यानंतर ३१ मार्चपर्यंत आणखी सहा महिने एक सवलत असते: बाहेर नजर ठेवणारा सेफ्टी पायलट शेजारी बसवून, बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यावर हूड लावून, स्वच्छ हवेत राहिलेले अप्रोच आणि होल्डिंग पूर्ण करा किंवा मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर करा, की परत करंट. तुमच्या मित्राला आठवतेय ती ही सवलत. पण तीही उलटली की १ एप्रिलपासून एकच रस्ता उरतो, आयपीसी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट प्रोफिशियन्सी चेक. दीड वर्ष म्हटल्यावर तुम्ही त्या पलीकडे कधीच गेलात, आता सहा काय साठ अप्रोच हूडखाली मारले तरी आयपीसीशिवाय आयएफआर फ्लाइट प्लॅनवर पायलट इन कमांड (विमानाचा जबाबदार पायलट) म्हणून निघता येणार नाही.

दुसऱ्या मित्राला सांगा, लेखी परीक्षा नाही, चेकराइड म्हणजे एक्झामिनरसमोरची उड्डाण परीक्षापण नाही. आयपीसी सीएफआयआय म्हणजे इन्स्ट्रुमेंट शिकवणारा इन्स्ट्रक्टर देऊ शकतो, एक्झामिनरच लागतो असं काही नाही. आणि यात पास-नापास असा शिक्काच नसतो. जमलं तर इन्स्ट्रक्टर लॉगबुकात तशी सही करतो, नाही जमलं तर तो तास शिकवणीचा म्हणून लिहितो आणि तुम्ही परत येता, एफएएकडे नापासाची नोंद वगैरे काही जात नाही. किती तास लागतील याचा नियमात आकडा नाही. काय करून दाखवायचं ते मात्र ठरलेलं आहे: होल्डिंग, विमान भलत्याच अवस्थेत गेल्यावर सावरणं, प्रिसिजन (उतरायचा कोनही दाखवणारा) आणि नॉन-प्रिसिजन अप्रोच, मिस्ड अप्रोच (उतरणं सोडून परत वर जाणं), सर्कलिंग (विमानतळाला फेरी घालून उतरणं), अप्रोचवरून लँडिंग, आणि मुख्य इन्स्ट्रुमेंट बंद पडलेली धरून एक अप्रोच. माप चेकराइडचंच, उंची शंभर फुटांच्या आत, हेडिंग दहा डिग्रीत, स्पीड दहा नॉटमध्ये. एकदा सही झाली की सहा महिन्यांचं घड्याळ नव्याने सुरू होतं, त्यावर वेगळे सहा अप्रोच लगेच लागत नाहीत.

पण विमानाकडे जायच्या आधी कागदं बघा, कारण इकडे राहून आलेली माणसं अडकतात ती इथे. पहिली गोष्ट नवी आहे. ज्यांचा एफएएकडे नोंदवलेला पत्ता अमेरिकेबाहेरचा आहे आणि अमेरिकेतला पत्ता दिलेला नाही, त्यांनी तिथे आपला एक एजंट नेमून त्याची नोंद एफएएच्या साइटवर करायची असा नियम आलाय, जुन्या लायसनवाल्यांसाठी त्याची तारीख ७ जुलै २०२५ होती. नोंद नाही तर लायसन वापरायची मुभा नाही, साधं व्हीएफआरसुद्धा नाही. तुम्ही मधल्या काळात पत्ता रावेरचा करून ठेवला असेल तर डॅलसला पोचल्यावर तो बदलून टाका, सोपं पडेल. मग मेडिकल: थर्ड क्लास, तपासणीच्या दिवशी चाळीसच्या आत असाल तर ६० कॅलेंडर महिने, पुढे असाल तर २४. मग फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतची उजळणी, तो दर २४ कॅलेंडर महिन्यांनी, तोही संपत आला असेल किंवा संपला असेल. आयपीसी दिली म्हणजे फ्लाइट रिव्ह्यू आपोआप होतो असं बरेच जण धरून चालतात, तसं नाही, पण आधी सांगितलं तर इन्स्ट्रक्टर दोन्ही एकत्र घेऊन दोन वेगळ्या सह्या देतो, म्हणून ते फोनवरच ठरवा. आणि शेजारी कुणाला बसवून न्यायचं तर ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग वेगळे.

आता तुमचा लॅपटॉप. धरत नाहीत. करन्सीसाठी चालतो तो एफएएने मान्यतेचं पत्र दिलेला ट्रेनर, तो फ्लाइंग स्कूलमध्ये असतो. २०१८ पासून त्यावर एकट्याने बसून अप्रोच केले तरी मोजतात, शेजारी इन्स्ट्रक्टर हवाच असं राहिलं नाही, पण तेही करन्सी टिकवायला किंवा सवलतीच्या काळात. आयपीसीतला बराचसा भाग चांगल्या ट्रेनरवर होतो, सर्कलिंग आणि लँडिंगला मात्र विमानच लागतं.

तरी लॅपटॉप झाकून ठेवू नका. मोजत नाहीत म्हणजे उपयोगाचं नाही असं थोडंच आहे, मी तर म्हणेन तुमच्या आयपीसीचे निम्मे पैसे त्या लॅपटॉपवर वाचतील, फक्त तो कसा वापरायचा ते नीट ऐका. गॅप पडल्यावर माणूस नियम विसरत नाही. प्लेट (अप्रोचचा नकाशा) वाचता येते, आयएलएस (धावपट्टीकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) म्हणजे काय तेही आठवतं. जाते ती नजर, म्हणजे स्कॅन. मी हे इतक्या वेळा शेजारच्या सीटवरून बघितलंय की पहिल्या पाच मिनिटांत काय होणार ते आधी सांगू शकतो: हूड लावला, विमान सरळ चाललंय, एटीसीने नवी फ्रिक्वेन्सी दिली, हा खाली वाकून रेडिओचं बटण फिरवतो, परत वर बघतो तर हेडिंग वीस डिग्री गेलेलं, ते सावरायला जातो तर डोळे हेडिंगवरच चिकटतात आणि उंची दीडशे फूट घसरते, उंची धरतो तोवर स्पीड, आणि तेवढ्यात एटीसी विचारते कुठे चाललात. कुठलंच काम अवघड नसतं. अडचण अशी की प्रत्येकाला नजर एकेक सेकंद जास्त थांबलेली असते. ॲटिट्यूड इंडिकेटर (विमान किती कललंय ते दाखवणारा), मग एक काटा, परत ॲटिट्यूड, मग दुसरा काटा, ही डोळ्याची ये-जा सवयीची आहे आणि सवय मोडली की ती वाचून परत येत नाही.

म्हणून घरी बसल्या अप्रोच करू नका, आधी नुसतं सरळ उडवा. ऑटोपायलट बंद, बाहेर ढग लावा, आणि पंधरा मिनिटं उंची-हेडिंग-स्पीड धरा, मग त्यात वळणं घाला, मग वळता वळता चढा-उतरा, आणि हे करताना कुणाला तरी शेजारी बसवून मध्येच आकडे लिहून घ्यायला सांगा म्हणजे हात आणि लक्ष दुसरीकडे जाईल. ते जमायला लागलं की होल्डिंग. होल्डमध्ये शिरायचे तीन प्रकार, डायरेक्ट, टिअरड्रॉप आणि पॅरलल, कागदावर सगळ्यांना येतात, पण फिक्सच्या (होल्ड धरायच्या ठरलेल्या जागेच्या) तीस सेकंद आधी क्लिअरन्स मिळाला की कुठला ते सुचत नाही. १४,००० फुटांच्या खाली एक मिनिटाचा लेग, वाऱ्याने तो वाकडा होतो, तो सरळ कसा आणायचा हे लॅपटॉपवर फुकट शिकून होतं. मगच अप्रोच, आणि प्रत्येक अप्रोच मिस्ड करा, कारण मिस्डमध्ये सगळे गडबडतात, तिथे एकाच वेळी पॉवर, नाक, फ्लॅप, रेडिओ आणि नवा रस्ता हे सगळं अंगावर येतं.

प्लेट मात्र ताज्या डाउनलोड करा. तुम्ही गेलात तेव्हाचा तुमच्या विमानतळाचा व्हीओआर (जमिनीवरचं दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) अप्रोच आता असेलच असं नाही, एफएए जुने व्हीओआर कमी करत चाललंय, बरंचसं काम जीपीएसवर गेलंय. भाड्याने जे विमान घ्याल त्याचंही बघा: जीपीएसचा डेटाबेस २८ दिवसांनी बदलतो, व्हीओआर वापरणार असाल तर त्याची तपासणी ३० दिवसांच्या आत झालेली हवी, पिटो-स्टॅटिकची (उंची-स्पीड दाखवणाऱ्या यंत्रणेची) २४ महिन्यांत. भाड्याच्या विमानात हे क्लब करतो, पण सही बघायची जबाबदारी तुमची.

इथे जळगाव-धुळ्याकडे एखाद्या ट्रेनिंगच्या विमानात हात साफ करून जाऊ का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. आपल्याकडच्या व्हीटी रजिस्टर विमानात नुसत्या एफएए लायसनवर पायलट इन कमांड होता येत नाही, त्याला डीजीसीएची म्हणजे आपल्या विमान वाहतूक खात्याची वेगळी प्रक्रिया आहे, आणि तुम्हाला जायचंच आहे तर त्या फेऱ्यात पडू नका.

सही मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी दोनशे फुटांच्या ढगात शिरू नका हे सांगायला नको, तरी सांगतो. आयएलएस तुम्हाला दोनशे फुटांपर्यंत नेतो म्हणून पहिल्या महिन्यात तुम्ही तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. हजार-दीड हजार फुटांवर ढगाचा तळ आहे, खाली चांगलं दिसतंय, जवळच दुसरा विमानतळ उघडा आहे, अशा दिवशी इन्स्ट्रक्टरला घेऊन खऱ्या ढगात एकदा जाऊन या. हूडच्या कडेने थोडं तरी दिसतं. ढगात काहीच दिसत नाही.

प्रश्न: माझी मुलगी फ्लोरिडात असते, हौसेने विमान चालवते. फोनवर म्हणाली रेटिंग लॅप्स झालं, आता ढग असले की जात नाही. घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. लायसन जप्त झालं का? काही केस वगैरे होते का? – एक आई, पाचोरा

उत्तर: ताई, काही जप्त झालेलं नाही आणि केस कसली होतेय. तिचं लायसन तसंच आहे, चांगल्या हवेत ती आजही उडवू शकते, मैत्रिणीला शेजारी बसवून नेऊ शकते. ढगात जायचा सराव ठराविक महिन्यांत झाला नाही म्हणून ती एक मुभा थांबलीये, कामाच्या गडबडीत हौशी पायलटांमध्ये हे कायम होतं. वर रावेरच्या भाऊंना लिहिलंय ते तिला वाचून दाखवा, ती सवलतीच्या सहा महिन्यांत असेल तर तिचं काम स्वस्तात होईल. आणि मुलगी स्वतःहून सांगतेय की ढग असला की मी जात नाही, तर घोर तुम्हाला नको.

प्रश्न: मी एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर, धुळ्याला राहतो. गोंदूरला शिकाऊ विमानं घिरट्या घालतात ती बघत बसतो. कन्नड घाटात पावसाळ्यात बोनेटपुढचं दिसत नाही अशा धुक्यात मी गाडी काढलीये, वर्षानुवर्षं. वर्षभर घाटात ड्युटी लागली नाही म्हणून मी काही घाट विसरलो नाही. मग विमानवाल्यांना सहा-सहा महिन्यांचं हे काय नाटक?

उत्तर: नाना, पत्र वाचून मजा आली आणि प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे.

घाटात धुकं असलं तरी चाकं जमिनीला असतात. गाडी कलली तर सीट सांगते, पांढरा पट्टा दोन हात तरी दिसतो, आणि काहीच दिसेनासं झालं की तुम्ही बाजूला घेऊन हॅझर्ड लावून थांबता. विमानाला यातलं एकही नाही. थांबता येत नाही हे तर उघडच, पण खरा घोळ कानात आहे.

आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात पाण्यासारखा द्रव. डोकं फिरलं की द्रव मागे राहतो, आतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला कळतं की आपण वळतोय. पण वळणं एकसारखं चालू राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरायला लागतो, केस सरळ होतात, आणि मेंदू म्हणतो, आता आपण सरळ चाललोय. सारंगखेड्याच्या यात्रेत गोल फिरणाऱ्या पाळण्यात डोळे मिटून बसा, थोड्या वेळाने फिरणं थांबल्यासारखं वाटेल आणि पाळणा खरोखर थांबला की उलट्या बाजूला फिरतोय असं वाटेल. ढगातल्या पायलटचं तेच होतं, फक्त त्याच्या हातात स्टिअरिंग असतं. विमान हळूहळू एका बाजूला झुकतं, इतकं हळू की कानाला कळत नाही. झुकलेलं विमान वळतं, नाक खाली जातं, स्पीड वाढतो. पायलटला वाटतं आपण सरळ आहोत, फक्त उंची कमी होतेय, म्हणून तो नाक वर ओढतो. झुकलेल्या विमानात नाक ओढलं की वळण आणखी आवळतं, उंची आणखी जाते, तो आणखी ओढतो. याला इंग्रजीत ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात, नावातच सगळं आलं.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. इन्स्ट्रुमेंटचा अनुभव नसलेले वीस जण घेतले, सुरक्षित उंचीवर, शेजारी इन्स्ट्रक्टर, आणि बाहेरचं दिसणं बंद केलं. विसाच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं. कुणाचं वीस सेकंदांत, कुणाचं आठ मिनिटांत, सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि ही माणसं विमान चालवायला येत नव्हतं अशी नव्हती.

तर इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगमध्ये शिकायचं असतं ते हेच की आपलं शरीर ओरडून सांगतंय डावीकडे झुकलोय आणि समोरचा काटा सांगतोय सरळ आहे, तर काट्याचं ऐकायचं. ते निसर्गाच्या उलट आहे. घाट तुम्ही विसरला नाहीत कारण तिथे अंगाला जे वाटत होतं तेच खरं होतं. इथे अंगाला जे वाटतं ते खोटं, आणि खोट्याकडे दुर्लक्ष करायची सवय थोडे महिने बसून राहिलं की सुटते.

यात ढगच लागतो असंही नाही. १६ जुलै १९९९ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनिअर रात्री धुरकट हवेत समुद्रावरून विमान नेत होते, त्यांच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं, शिकत होते. क्षितिज दिसेना, आणि तपासात कारण निघालं तेच, दिशेचं भान सुटलं. आपल्याकडे मे महिन्यात धुळीने आकाश आणि जमीन एकाच रंगाची होते तेव्हा सातपुड्याच्या बाजूला रात्री बघा, दिवे नाहीत, रेघ नाही, वर काय खाली काय कळत नाही. आणि ज्याच्याकडे रेटिंग आहे तो सुटला असंही नाही: २६ जानेवारी २०२० ला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट ज्या हेलिकॉप्टरमध्ये होते त्याच्या पायलटकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग होतं, कंपनीला परवानगी फक्त व्हीएफआरची, ढगात शिरल्यावर त्याचंही भान गेलं. म्हणून नाना, नाटक म्हणू नका. सहा महिने हा आकडा मलाही थोडा लांबच वाटतो.

प्रश्न: सर, मी शिरपूरचा, बारावी झाली, सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन) करायचा विचार आहे. चुलतभाऊ अमेरिकेतून करून आलाय, त्याचं आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग) संपलंय म्हणतात आणि परत पैसे भरायचे आहेत म्हणून काका वैतागलेत. इथे केलं तर असं होत नाही का?

उत्तर: इथे केलं तरी होतं, उलट इथे जास्त ठळक होतं. अमेरिकेत रेटिंग कायमचं आणि मुभा सरावावर. आपल्याकडे डीजीसीएचं इन्स्ट्रुमेंट रेटिंगच वर्षभराचं, दर वर्षी विमानात किंवा मान्य सिम्युलेटरवर चेक देऊन ते पुढे न्यायचं. एअरलाइनमध्ये लागलेल्यांचं हे कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये होऊन जातं, त्यांना खिशातून काही जात नाही. अडकतात ती सीपीएल हातात घेऊन नोकरीची वाट बघणारी पोरं. दोनशे तास उडवून, लाखो रुपये घालून घरी बसलेला मुलगा, आणि वर्ष झालं की आयआर गेलं, मग परत तास, परत चेक. काकांचा वैताग बरोबर आहे पण पोराची चूक नाही.

तुला माझा सल्ला विचारशील तर बजेट करतानाच घरी सांग की सीपीएलच्या खर्चावर एक-दोन रिन्यूअलचे पैसे बाजूला ठेवायचेत. शेत विकायची वेळ आल्यावर सांगण्यापेक्षा आता सांगितलेलं बरं. आणि भावाला म्हणावं, भरतीची जाहिरात यायची वाट बघून मग रिन्यूअलला धावू नको, तेव्हा सगळेच धावतात, विमान मिळत नाही, एक्झामिनर मिळत नाही.

प्रश्न: जळगावचा आहे, सध्या ह्यूस्टनला. माझ्याकडे फक्त प्रायव्हेट लायसन आहे, इन्स्ट्रुमेंट नाही. मित्राची करन्सी गेल्या महिन्यात संपली, तो म्हणतो तू सेफ्टी पायलट म्हणून बस. मला चालतं का, आणि नेमकं करायचं काय?

उत्तर: चालतं. प्रायव्हेट लायसन, त्याच कॅटेगरी-क्लासचं (विमानाच्या प्रकाराचं) रेटिंग, मेडिकल चालू, आणि विमानाला दोन्हीकडे कंट्रोल, एवढं असलं की बस. फक्त हवा स्वच्छ हवी आणि तुम्ही व्हीएफआरमध्येच राहायचं. मित्र म्हणाला की आयएफआर प्लॅन टाकून जाऊ, तर नाही म्हण, कारण त्याची मुभा संपलीये आणि तुला रेटिंगच नाही, म्हणजे त्या विमानात आयएफआरचा पायलट इन कमांड कुणीच नाही.

तुझं काम मान खाली घालून फोटो काढायचं नाही. त्याचे डोळे झाकलेले आहेत, बाहेरचं सगळं आकाश तुझं. अप्रोच करताना तुम्ही ज्या बाजूने येता तिथे नेहमीच्या पॅटर्नमधली विमानं वेगळ्या दिशेने येत असतात, टॉवर नसलेल्या विमानतळावर तर रेडिओवर पोझिशन बोलायचं कामपण तूच घे. निघायच्या आधी जमिनीवर ठरवून घ्या की तू 'माझ्याकडे' म्हणालास की त्याने त्याच क्षणी कंट्रोल सोडायचे, वाद खाली उतरल्यावर.

ही सेफ्टी पायलटची पद्धत फार जुनी आहे. २४ सप्टेंबर १९२९ ला जिमी डूलिटल या अमेरिकन पायलटने न्यूयॉर्कजवळ मिचेल फील्डवर पहिल्यांदा नुसत्या इन्स्ट्रुमेंटवर टेकऑफ ते लँडिंग केलं, कॉकपिट झाकलेलं, तेव्हा पुढच्या सीटवर बेन केल्सी याच कामाला बसला होता.

आणखी एक, मित्र जरा घाईतला वाटतो म्हणून लिहितो. अप्रोच मोजायचा तर हूड डिसिजन अल्टिट्यूडपर्यंत किंवा मिनिमम डिसेंट अल्टिट्यूडपर्यंत, म्हणजे त्या अप्रोचच्या ठरलेल्या शेवटच्या उंचीपर्यंत, डोळ्यावर पाहिजे, फायनल फिक्स (शेवटचा उतार सुरू होतो ती जागा) ओलांडला आणि रनवे दिसला म्हणून हूड काढला तर तो अप्रोच धरायचा नाही. कडेने डोकावत असेल तर तूही स्पष्ट सांग. होल्डिंग राहून जातं, ते आधीच करून घ्या. शेवटी त्याच्या लॉगबुकात प्रत्येक अप्रोच कुठला, कुठल्या विमानतळावर, आणि सेफ्टी पायलट म्हणून तुझं नाव लिहिलेलं पाहिजे, ते उतरल्या उतरल्या तिथेच लिहून घे, घरी गेल्यावर राहतं. इंधनाचे पैसे निम्मे-निम्मे आधीच ठरवा.